स्त्रिया आणि याजकपद : शिकवण कोणती, सवय कोणती?





धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तो बहुधा मुलीच विचारतात. "फादर नेहमी पुरुषच का असतात?" हा प्रश्न विचारणारी मुलगी दीपनगरच्या वसाहतीत वाढलेली असते. वीज केंद्रात स्त्रिया अभियंता म्हणून काम करतात हे तिला ठाऊक असते. बँकेत, रेल्वेत, पोलीस ठाण्यात, न्यायालयात तिने स्त्री अधिकारी पाहिलेल्या असतात. रविवारी मात्र वेदीपाशी तिला कायम पुरुषच दिसतो. "मोठी झालीस की कळेल" असे सांगून तिला गप्प बसवणे सोपे असते. पण ती मोठी होते, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला जाते आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला दुसराच कोणीतरी देतो. म्हणून या रविवारी हा विषय आपण सर्वांनी मिळून नीट अभ्यासावा असे आम्हांला वाटते.

या विषयात दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक आहे ख्रिस्तसभेची शिकवण. दुसरी आहे आपली सवय. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेल्या असल्यामुळे, जे ख्रिस्तसभेने कधी सांगितलेच नाही तेही आपण तिच्या नावाने पाळत असतो. ते गाठोडे सोडून कोणती गोष्ट कुठली आहे हे वेगळे करून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही

धार्मिक विधी करण्याचा अधिकार स्त्रीला आहे का, हा वाद आपल्या राज्यात फार पूर्वीपासून चालू आहे. शिर्डीजवळच्या साकुरी येथे उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान स्थापन केले. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील सटाण्याचे. त्यांनी तेथील कन्यांना वेदमंत्र शिकवले आणि यज्ञ करण्यास लावले. स्त्रियांनी वेद म्हणणे त्या काळी अनेकांना रुचले नाही, विरोध झाला. तरीही त्यांच्यामागे गोदावरी माता यांनी ते कार्य पुढे अनेक वर्षे चालवले. पुण्यात १९७० च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू केले. पुढे ज्ञान प्रबोधिनी या संस्थेनेही स्त्रीपुरुषांना पौरोहित्य शिकवण्यास आरंभ केला. आज पुण्यात लग्न, वास्तुशांत, श्राद्ध यांसाठी स्त्री पुरोहिताला बोलावणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपुष्टात आले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी स्त्रियांसह सर्व जातींतील उमेदवारांकडून अर्ज मागवले.

ख्रिस्ती समाजातही निरनिराळे मार्ग दिसतात. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मुक्तिफौज, १८८२ साली मुंबईत आली. तिच्यात आरंभापासून स्त्री अधिकारी आणि पुरुष अधिकारी एकच काम करतात. स्त्रियाही प्रवचन देतात, मंडळी सांभाळतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. या मंडळीतही स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली जाते. दक्षिणेतील चर्च ऑफ साऊथ इंडियामध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या आंध्र प्रदेशातील नंद्याळ धर्मप्रांताच्या बिशप झाल्या.

तेव्हा वर्गातील मुलीने हा प्रश्न विचारला तर ती बंडखोर झाली असे समजण्याचे कारण नाही. तिच्या भोवतालच्या महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचलेला आहे.

२. पंडिता रमाबाई आणि दोन बिशप

आता जरा मागे जाऊन एक घटना पाहूया. शिकवण आणि सवय यांची गल्लत कशी होते हे तिच्यावरून चांगले समजते.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांच्या वडिलांनी लोकनिंदा सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. आईवडिलांच्या मृत्यूनंतर रमाबाई आपल्या भावासोबत देशभर फिरल्या, पुराणे सांगितली, स्त्रीपुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. या विद्वानांत अर्थातच सगळे पुरुष होते. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. १८८३ साली वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात त्या शिकू व शिकवू लागल्या.

तेथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला. हे कळताच मुंबई आणि लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी त्याला विरोध केला. एका तरुण स्त्रीने पुरुषांना शिकवणे योग्य नाही, त्याने तिच्या भावी कार्याला बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाईंना हे मुळीच पटले नाही. स्वदेशात, हिंदू समाजात असताना त्यांनी पुरुषांपुढे बोलण्यात कमीपणा मानला नव्हता. ख्रिस्ती झाल्यावर मात्र तेच काम अयोग्य ठरत होते. आपली नाराजी त्यांनी पत्रांतून स्पष्टपणे कळवली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रमाबाईंनी धर्मगुरुपद मागितले नव्हते. वेदीपाशी उभे राहण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त शिकवण्याचा होता. पण त्या काळच्या सज्जन, भाविक माणसांना तेही धर्माच्या विरुद्ध वाटले. आज आपल्या शाळांतून, महाविद्यालयांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून हजारो स्त्रिया मुलांना आणि पुरुषांना शिकवतात. सेमिनरीत भावी धर्मगुरूंना शिकवणाऱ्या धर्मभगिनीही आहेत. यात धर्म बुडाला असे आज कोणीही म्हणत नाही. त्या वेळी जे धर्मतत्त्व वाटले ती खरे तर त्या समाजाची सवय होती.

आणि त्या रमाबाईंनी पुढे काय केले? पुण्याजवळच्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभे केले. दुष्काळात टाकून दिलेल्या मुली, विधवा, आंधळ्या, आजारी स्त्रिया यांना तेथे आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, कारण प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना कळत नसत. मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे काम तेथील मुलींनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. पुरुषांना शिकवू नये असे जिला सांगण्यात आले, तिने पुढे स्त्रीपुरुष सर्वांच्या हाती देवाचे वचन दिले.

आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या भूमीतील लक्ष्मीबाई टिळक यांचेही स्मरण येथे करावे. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेचे शिक्षण नाही, वाचायला शिकल्या त्या घरीच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निधन पावले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचा बहुतेक भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. प्रभूचे चरित्र मराठी ओव्यांत सांगण्यासाठी त्यांना कोणत्याही पदाची गरज पडली नाही. पण कोणी त्यांना "हे बायकांचे काम नव्हे" असे म्हणून थांबवले असते, तर आपण सगळेच गरीब झालो असतो.

३. मॉर्मन पंथ : जेथे रेषा स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये आहे

आता एका वेगळ्या पंथाकडे वळूया. त्याच्याशी तुलना केल्यावर आपली स्वतःची शिकवण अधिक स्पष्ट होते. आपल्या मुलामुलींना मोठ्या शहरांत कधी पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावलेले दोन तरुण भेटतात. ते बहुधा मॉर्मन पंथाचे प्रचारक असतात. 'चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे त्यांचे अधिकृत नाव. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली. भारतात त्यांची संख्या अल्प आहे, तरी २०१८ साली त्यांनी बेंगळुरू येथे मंदिर बांधण्याची घोषणा केली.

या पंथात पगारी धर्मगुरू नसतात. याजकपद सर्व योग्य पुरुषांना दिले जाते. मुलगा बारा वर्षांचा होतो त्या वर्षी तो डीकन होऊ शकतो आणि रविवारच्या उपासनेत भाकर व पाणी वाटतो. पुढे वयाप्रमाणे त्याच्या पायऱ्या वाढत जातात आणि अठराव्या वर्षी तो एल्डर होतो. त्यांच्या स्थानिक मंडळीचा बिशप हा नोकरीधंदा करणारा गृहस्थच असतो. स्त्रियांना मात्र यातील कोणतीही पायरी नाही. आई कितीही भक्तिमान असो, विदुषी असो, तिच्या बारा वर्षांच्या मुलाला जे याजकपद मिळते ते तिला मिळत नाही.

याचा अर्थ तेथील स्त्रिया रिकाम्या बसतात असा नाही. १७ मार्च १८४२ रोजी त्यांच्यात 'रिलीफ सोसायटी' नावाची स्त्रियांची संस्था स्थापन झाली आणि जोसेफ स्मिथ यांची पत्नी एमा तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गरिबांना मदत, आजाऱ्यांची शुश्रूषा, स्त्रियांचे शिक्षण या क्षेत्रांत या संस्थेचे काम मोठे आहे. स्त्रिया त्यांच्या उपासनेत प्रवचन देतात, प्रचारक म्हणून बाहेरगावी जातात. आपल्याला काही उणे आहे असे त्यांतील अनेकींना वाटत नाही आणि त्यांच्या या म्हणण्याचा आपण आदर केला पाहिजे.

पण काहींना वाटते. १९७८ सालापर्यंत या पंथात आफ्रिकी वंशाच्या पुरुषांनाही याजकपद मिळत नसे. त्या वर्षी तो निर्बंध उठला. मग स्त्रियांचे काय, असा प्रश्न अनेकींनी विचारला. २०१३ साली केट केली या वकील स्त्रीने काही सहकाऱ्यांसह स्त्रियांच्या दीक्षेसाठी चळवळ सुरू केली. जून २०१४ मध्ये तिला पंथातून बहिष्कृत करण्यात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पंथाच्या नेत्यांनी एक छोटासा बदल केला. बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीदार म्हणून उभे राहण्याची परवानगी त्यांनी स्त्रियांना आणि मुलींना दिली. त्याआधी तो मानही याजकपद असलेल्या पुरुषांनाच होता. याच परंपरेतून निघालेल्या, आज 'कम्युनिटी ऑफ ख्राईस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळीने मात्र १९८४ साली स्त्रियांना याजकपद देण्याचे ठरवले आणि १९८५ साली पहिल्या स्त्रियांना दीक्षा दिली.

मॉर्मन पंथाची ही रचना आम्ही नावे ठेवण्यासाठी सांगितलेली नाही. तिच्यातून एक गोष्ट शिकायची आहे. तेथे सर्व योग्य पुरुष एका बाजूला आणि सर्व स्त्रिया दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेषा आहे. आपल्या ख्रिस्तसभेत रेषा तशी नाही. आपल्याकडे रेषा दीक्षित आणि प्रापंचिक यांच्यामध्ये आहे. मिस्साला येणारे बहुतेक सर्व पुरुष धर्मगुरू नाहीत आणि होणारही नाहीत. वीज केंद्रातील फोरमन असो, शिक्षक असो, दुकानदार असो, तो आणि त्याची पत्नी या रेषेच्या एकाच बाजूला उभे आहेत. दोघांचाही बाप्तिस्मा एकच आहे. हे पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

४. आपली ख्रिस्तसभा काय शिकवते?

धर्मनियम संहितेतील १०२४ वा नियम सांगतो की याजकीय दीक्षा बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच वैधपणे मिळू शकते. १९७६ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात या विषयावर एक अधिकृत निवेदन तयार झाले. २२ मे १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका पत्राद्वारे तीच शिकवण ठामपणे मांडली. स्त्रियांना याजकीय दीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही आणि हा निर्णय श्रद्धावंतांनी निश्चित मानावा, असे त्यांनी सांगितले.

यामागची कारणे थोडक्यात अशी आहेत. प्रभूने बारा प्रेषित निवडले, ते सर्व पुरुष होते. त्या काळच्या रूढी मोडायला तो कचरत नव्हता. विहिरीपाशी शमरोनी स्त्रीशी तो बोलला, मार्थेच्या बहिणीला त्याने शिष्यासारखे पायाशी बसू दिले. तरीही बारा जणांत त्याने स्त्री घेतली नाही. प्रेषितांनी आणि त्यांच्या वारसांनी तीच पद्धत पुढे चालवली. शिवाय मिस्सामध्ये धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावाने, त्याचे प्रतिनिधित्व करीत उभा असतो.

याबरोबर पोप महाशयांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण बहुधा विसरतो. पवित्र मरिया देवाची माता असूनही प्रेषित नव्हती. म्हणजे दीक्षा न मिळणे हे कमी दर्जाचे लक्षण नाही. ख्रिस्तसभेत सर्वांत मोठे कोण, तर संत. आणि संत होण्यासाठी कोणाला दीक्षा लागत नाही.

ही कारणे ऐकून सर्वांचे समाधान होतेच असे नाही, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जगभरात आणि आपल्या देशातही अनेक श्रद्धाळू स्त्रियांना या शिकवणीने दुःख होते. त्यांच्यापैकी काही उच्चशिक्षित ईशज्ञानी आहेत, काही आयुष्यभर सेवा केलेल्या धर्मभगिनी आहेत. त्यांचे दुःख म्हणजे अहंकार, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. रमाबाईंच्या बाबतीत जसे झाले तसे इथेही सवयच शिकवण म्हणून पुढे केली जात नाही ना, असा प्रश्न त्या विचारतात. ख्रिस्तसभेचे उत्तर असे की याजकीय दीक्षेच्या बाबतीत आपण रूढीला नव्हे तर प्रभूच्या कृतीला बांधलेलो आहोत.

डीकनपदाविषयी मात्र अभ्यास झालेला आहे. संत पौल रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात किंख्रिया येथील फीबीचा उल्लेख करतो आणि तिच्यासाठी जो ग्रीक शब्द वापरतो त्यावरूनच 'डीकन' हा शब्द आला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये या विषयासाठी अभ्यासमंडळे नेमली. २०२४ च्या सिनॉडच्या अंतिम दस्तऐवजात हा प्रश्न खुला असल्याचे नमूद झाले. डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सध्या स्त्रियांना डीकनपदाची दीक्षा देण्यास अनुकूलता दाखवलेली नाही, पण हा अंतिम निर्णय नाही असेही त्यात म्हटले आहे.

५. ख्रिस्तसभेने उघडलेले दरवाजे

इथवर बंद दरवाजाविषयी बोललो. आता उघड्या दरवाजांविषयी बोलूया.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात शिकवले की बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला ख्रिस्ताच्या याजकपणात वाटा आहे. स्त्री असो वा पुरुष, आपले काम, आपले कष्ट, आपली प्रार्थना देवाला अर्पण करण्याचा हा याजकपणा आहे. आणि तो नुसता बोलण्यापुरता नाही. मरणाच्या दारी असलेल्या बाळाला, धर्मगुरू वेळेवर पोहोचू शकत नसतील तर, रुग्णालयातील परिचारिका योग्य हेतूने बाप्तिस्मा देऊ शकते आणि तो बाप्तिस्मा पूर्णपणे वैध असतो. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार वधू आणि वर एकमेकांना देतात. धर्मगुरू तेथे ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीदार असतात. म्हणजे आपल्या मंदिरात लग्न झालेल्या प्रत्येक स्त्रीने आयुष्यात एकदा वेदीपुढे उभे राहून संस्कार दिलेला आहे. हे आपल्यापैकी किती जणींना कोणी सांगितले आहे?

पुढचे टप्पे वर्षांसह पाहूया. १९७३ साली रोमने प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद वाटण्याची सेवा देण्यास परवानगी दिली, तीत स्त्रियाही आल्या. १९९४ साली मुलींना वेदीसेवक होण्याची मुभा मिळाली. तिचा वापर करायचा की नाही हे त्या त्या बिशपांवर आणि धर्मगुरूंवर सोपवले आहे. जानेवारी २०१६ मध्ये पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी केवळ पुरुष नव्हे तर स्त्रियांनाही निवडता येईल असे जाहीर झाले. त्याच वर्षी पुनरुत्थित प्रभूची पहिली साक्षीदार असलेल्या मग्दालिया मरियेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांइतका दर्जा देण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांसाठी खुली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन झाले, तेही स्त्रीपुरुष दोघांसाठी. २०२३ च्या सिनॉडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका प्रमुख विभागाच्या प्रीफेक्ट झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आपल्या देशातील बिशपांनीही फेब्रुवारी २००८ मध्ये जमशेदपूर येथील आपल्या महासभेत ख्रिस्तसभा आणि समाज यांतील स्त्रियांचे सक्षमीकरण हाच विषय घेतला होता. त्यानंतर २०१० साली त्यांनी स्त्रीपुरुष समानतेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले.

६. आज्ञापालन दोन्ही बाजूंनी

आता मुद्द्याकडे येऊ. जी गोष्ट ख्रिस्तसभेने पुरुषांपुरती ठेवली आहे, ती एकच आहे : दीक्षा. त्याबाबतीत आपण तिची आज्ञा मानतो. मग ज्या गोष्टी तिने स्वतः स्त्रियांसाठी खुल्या केल्या आहेत त्या आपण बंद ठेवल्या, तर ते कोणते आज्ञापालन? "आमच्याकडे अशी पद्धत नाही" हे वाक्य रोमच्या आज्ञेपेक्षा मोठे कसे झाले?

मघाशी पाहिलेली रेषा आठवावी. आपल्याकडे रेषा दीक्षित आणि प्रापंचिक यांच्यामध्ये आहे. असे असताना प्रापंचिकांच्या बाजूला पुन्हा पुरुष पुढे आणि स्त्रिया मागे अशी दुसरी रेषा आपण ओढली, तर ती रेषा ख्रिस्ताची नाही, प्रेषितांची नाही, पोप महाशयांचीही नाही. ती आपल्या घरातून मंदिरात आलेली आहे.

ही दुसरी रेषा कोणी मुद्दाम ओढत नाही, म्हणूनच ती दिसत नाही. एक साधे उदाहरण घेऊया. मंदिर परिसरातील सभा बहुधा रविवारी मिस्सानंतर ठेवल्या जातात. त्याच वेळी ज्या घरात कोणी दुपारच्या पाळीला जाणार असेल त्या घरातील बाईला डबा करण्यासाठी धावत जावे लागते. "स्त्रियांनी सभेला येऊ नये" असे कोणी म्हटलेले नसते. पण सभेच्या वेळेनेच ते सांगितलेले असते. मग हिशेब, दुरुस्ती, सणाचे नियोजन हे सर्व पुरुष ठरवतात आणि ठरलेले काम स्त्रियांच्या वाट्याला येते : झाडलोट, फुले, स्वयंपाक, वेदीवरील कापडे धुणे. ही कामे हलकी नाहीत. प्रेमाने केलेले प्रत्येक काम प्रभू स्वीकारतो. पण काम करणारीला ठरवण्यातही वाटा असावा, एवढे तरी न्यायाचे आहे.

वाचनाचेही तसेच आहे. "बायकांना नीट वाचता येत नाही" असे म्हटले जाते. ज्यांना शाळेत जायला मिळाले नाही त्यांना वाचता येणार नाही हे खरे. पण लक्ष्मीबाई टिळकांनाही शाळा मिळाली नव्हती. शनिवारी अर्धा तास सराव केला तर पुष्कळ काही साधते. आपल्या खान्देशात घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना प्रमाण मराठीतील वाचन अवघड वाटत असेल तर श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतील एखादी विनंती त्यांनी आपल्या बोलीत करावी. देवाला ती भाषाही कळते आणि शेजारच्या बाकावरील माणसालाही.

पुरुष बांधवांना आम्ही एवढेच सांगू की यात तुमचे काही हिरावले जात नाही. घरातील जपमाळेची प्रार्थना कोण चालवते, मुलांना क्रुसाची खूण कोणी शिकवली, हे आठवून पाहावे. श्रद्धा आपल्यापर्यंत बहुतेक वेळा आई किंवा आजीच्या हातून आली आहे. जिच्या हातून श्रद्धा आली तिच्या हातून वाचन ऐकायला किंवा ख्रिस्तप्रसाद घ्यायला संकोच का वाटावा?

भगिनींनाही एक विनंती. "आम्हांला काय कळते" असे म्हणून मागे सरणे ही नम्रता नव्हे. बोलावले की या. बोलावले नाही तर विचारा. आणि सून किंवा शेजारीण पुढे आली तर तिला नावे ठेवू नका; दुसरी रेषा कधी कधी स्त्रियाच राखतात.

आणि त्या मुलीला काय उत्तर द्यायचे? तिला खरे ते सांगावे. ख्रिस्तसभा याजकपद पुरुषांनाच देते आणि त्याची कारणे ही अशी आहेत. ती सगळ्यांना सोपी वाटत नाहीत आणि तुला प्रश्न पडला यात पाप नाही. पण तू कमी आहेस असे ख्रिस्तसभेने कधीही म्हटलेले नाही. तुझ्यासाठी जे जे खुले आहे ते ते या मंदिरात तुला मिळेल. हे शेवटचे वाक्य खरे ठरवणे मात्र तिच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

कुटुंबात आणि समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या धर्मग्रामात स्त्रिया कोणत्या सेवा करतात? कोणत्या करीत नाहीत? ज्या करीत नाहीत त्यांपैकी ख्रिस्तसभेने खरोखर कोणत्या मना केल्या आहेत?

२. धर्मग्राम परिषदेची व अर्थसमितीची सभा कोणत्या वेळी ठेवली तर पाळीवर जाणाऱ्यांच्या घरातील स्त्रियांनाही येता येईल?

३. येत्या पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतले जातील त्यांत कोण असावे असे आपल्याला वाटते? याविषयी फादरांशी कोण बोलेल?

४. आपल्या विवाहाच्या दिवशी आपण एकमेकांना संस्कार दिला, याची जाणीव पतिपत्नींनी एकमेकांना कधी करून दिली आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या पुनरुत्थानाची बातमी तू प्रथम एका स्त्रीच्या हाती सोपवलीस आणि शिष्यांकडे तिला पाठवलेस. आमच्या मंदिरातील प्रत्येक मुलीला व प्रत्येक आईला तू दिलेली दाने ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. तू न ओढलेल्या रेषा पुसून टाकण्याचे धैर्य आम्हांला दे. आमचे धर्मगुरू, आमच्या धर्मभगिनी आणि आमची सर्व कुटुंबे तुझ्या एकाच वेदीभोवती एकत्र राख. आमेन.